दोघांचा राजीनामा

“सोफे नसतील तर आम्ही इंदूरला जातो,” आगाशे म्हणाले आणि त्यांनी दुसरी कचोरी उचलली.

धमकी देणाऱ्याने आमच्याच कचोऱ्या आमच्यासमोर खाव्यात हे मला जरा जास्त वाटलं. मी क्रीडा खात्याच्या पॅनेलवरची वकील. पॅनेलवरची म्हणजे काय, तर नोकरी नाही, पगार नाही, पण भांडण झालं की खात्याचा फोन पहिल्यांदा मला. माझं ऑफिस ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याच्या मागच्या बोळात. खाली चपलांचं दुकान आहे, त्यामुळे माझे पक्षकार वर येताना बरेचदा नवीन चपला घालून येतात.

भांडण कबड्डीच्या संघावरून होतं. संघाचं नाव ‘ग्वाल्हेर गर्जना’. खेळाडू हरियाणाचे, प्रशिक्षक तामिळनाडूचा, मालक पुण्याचे आगाशे. ग्वाल्हेरचं फक्त नाव. खासगी लीगमध्ये हे असंच चालतं. संघ मालकाचा असतो, शहर त्याला होम ग्राउंड देतं, म्हणजे घरचं मैदान. शहर आवडेनासं झालं की मालक बिऱ्हाड हलवतो आणि पुढच्या वर्षी तीच गर्जना दुसऱ्या गावाच्या नावाने होते.

आमचं होम ग्राउंड म्हणजे कंपू भागातला खात्याचा जुना हॉल. आगाशेंना त्यात व्हीआयपी बॉक्स हवे होते. व्हीआयपी बॉक्स म्हणजे काचेमागची एसी खोली, आत सोफे, चहा-नाश्ता, आणि मॅचकडे पाठ करून गप्पा मारायची सोय. खर्च सरकारने करायचा. जागाही त्यांनी हेरून ठेवली होती: हॉलला लागून असलेला छोटा हॉल. तो पाडायचा. नाहीतर इंदूर. तशी नोटीससुद्धा त्यांनी वकिलाकडून पाठवली होती.

अडचण अशी की त्या छोट्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी मोहिते मॅडमच्या मुली खेळतात. मोहिते मॅडम शिंदे की छावनी मोहल्ल्यातल्या. पणजोबा फौजेत होते असं त्या पहिल्या भेटीतच सांगतात, आणि सांगितलं नाही तरी आवाजावरून कळतं. त्या खात्याच्या मानधनावर मुलींना कबड्डी शिकवतात.

आदल्याच दिवशी त्या माझ्या ऑफिसात येऊन बसल्या होत्या.

“ताई, सोफे ठेवायला माझ्या मॅट उचलणार? कमाल आहे! मुली इतक्या परेशान आहेत. दोघींची स्टेटची ट्रायल आहे. त्या काय सडकेवर खेळणार?”

“मग संघ जाऊ दे इंदूरला,” मी म्हटलं.

“असं कसं? संघाचं भाडं येतं म्हणून तर हॉल चालू आहे. संघ गेला की खातं ताला लावून देईल. तुम्ही काहीतरी जुगाड करा ना, ताई.”

म्हणजे संघही राहायला हवा होता आणि छोटा हॉलही. दोन्हीपैकी काहीही गेलं तरी मुली बाहेर. मॅडम चहा न घेता गेल्या. त्या चहा नाकारतात तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

तर कचोऱ्या संपवून आगाशे हॉटेलवर गेले आणि मी भदौरिया साहेबांकडे वळले. हे खात्याचे संचालक. माणूस चांगला, पण नोटीस आली की त्यांच्या मिशा ताठ होतात.

“मैडम, जनता के पैसे से सोफे? लोग मुझे जूते मारेंगे।”

“साहब, सोफे मत दीजिए। छत दीजिए।”

मी त्यांना साधा हिशेब मांडून दाखवला. जे सगळ्यांच्या उपयोगाचं, ते सरकारने करावं. गळकं छप्पर, मोडक्या खुर्च्या, आणि ज्याबद्दल न बोललेलं बरं ते लेडीज टॉयलेट. हे संघाला हवंच आहे आणि मुलींनाही. सोफा मात्र ज्याला बसायचं त्याने आणावा. छोट्या हॉलला हात लावायचा नाही. आगाशेंनी नोटीस मागे घ्यायची आणि पुढचे तीन सीझन ग्वाल्हेरातच खेळायचं.

साहेबांच्या मिशा हळूहळू खाली आल्या. “ठीक है। करवाइए राजीनामा।”

मी खुशीत घरी आले आणि आगाशेंना फोन लावला. मराठी माणूस, म्हणून मराठीत बोलले. तिथेच माझं चुकलं.

“आगाशे साहेब, काम झालं. भदौरिया साहेब राजीनाम्याला तयार झाले. उद्या अकराला ऑफिसात या. मी टाइप करून आणते. ते सही करतील, मग तुम्ही पण करून टाका.”

“इतकं टोकाला गेलं?” आगाशे हळूच म्हणाले.

“मग काय! तुम्ही सोफ्यांचा हट्टच असा धरला. शेवटी एखाद्याला मन मोठं करावंच लागतं.”

“पण... मी पण?”

“हो, म्हणजे काय? दोघांचा लागतो. एकट्याचा चालत नाही.”

“बरं,” ते म्हणाले. आवाज दाटला होता. मला वाटलं, पुण्याचा असला तरी माणूस हळवा आहे.

सकाळी मी पोळ्या करत होते. भदौरिया साहेबांचा फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आत स्फोट झाला.

“मैडम, ये आपका पूनेवाला पागल है क्या? सुबह-सुबह फोन करके कहता है, साहब, राजीनामा बिल्कुल मत देना! मैं हाथ जोड़ता हूँ!”

“राजीनामा नको म्हणतो?” मी इतकी गोंधळले की साहेबांशी मराठीत बोलले.

“हाथ जोड़कर धमकी दे रहा है! अब मैं भी देखता हूँ। जाने दीजिए इंदौर। आज ही ताला डलवाता हूँ हॉल पर!”

फोन बंद. तव्यावरची पोळी जळली. मला मोहिते मॅडमच्या मुली कुलपासमोर उभ्या दिसायला लागल्या आणि आगाशेंचा भयंकर राग आला. रात्री गळा दाटून येतो आणि सकाळी पलटतो! असल्या माणसाला मी हळवा म्हटलं होतं.

तरी अकराला मी कागद घेऊन साहेबांच्या ऑफिसात पोचले. भदौरिया साहेब मिशा ताठ करून बसले होते. आगाशे आले. रात्रभर झोप नसल्यासारखा चेहरा, हातात फुलांचा गुच्छ. तो त्यांनी साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी त्याच्याकडे बॉम्ब असल्यासारखं पाहिलं.

आगाशे माझ्या शेजारी बसले आणि मराठीत कुजबुजले, “मॅडम, यांना थांबवा हो. एवढ्याशा सोफ्यांपायी माणसाने नोकरी सोडायची? यांना मुलंबाळं असतील. आणि माझा राजीनामा कशाला? मी मालक आहे. मी देऊ कुणाला?”

ते थांबेनात.

“आणि खरं सांगू? इंदूरचं काही नाहीये. तिथे एकाने फक्त चहा पाजला आणि बघू म्हणाला. आता पेपरात छापून येणार, संघमालकामुळे अधिकाऱ्याचा राजीनामा. मला कुठलं शहर दारात उभं करील?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

इथे जरा थांबून सांगते. आमच्याकडे कोर्टात दोन्ही पक्ष राजी होऊन तडजोड लिहून देतात, त्याला राजीनामा म्हणतात. राजी होण्याचा कागद, तो राजीनामा. नोकरी सोडण्याला आम्ही घरातसुद्धा इस्तीफाच म्हणतो. पुण्यात राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण जो शब्द दिवसातून दहादा तोंडात येतो, त्याचा दुसरा अर्थ ऐन वेळी कुणाला आठवतो?

हसू दाबणं अशक्य झालं होतं. तरी एक मोह झाला, तो कबूल करते. गप्प बसावं आणि याच घाबरलेल्या अवस्थेत आगाशेंची सही घ्यावी. पण गैरसमजातून झालेला करार कोर्टात उभा राहत नाही. शिवाय समोर तो गुच्छ होता. मी आगाशेंना सगळं सांगितलं.

ते आधी लाल झाले, मग पांढरे.

“म्हणजे हे नोकरी सोडत नाहीयेत?”

“नाही.”

“आणि मी इंदूरबद्दल आत्ता जे बोललो...”

“ते मी ऐकलं.”

“विसरता येईल का?”

“आगाशे साहेब, मी खात्याची वकील आहे.”

त्यांनी कपाळाला हात लावला. मग मी साहेबांना हिंदीत सगळा प्रकार सांगितला, इंदूरच्या चहासकट. मला वाटलं, आता ते उसळणार. पण ते इंदूरवर थांबलेच नाहीत. गुच्छाकडे बघत बसले.

“मतलब, ये मेरी नौकरी बचाने आए थे?”

“जी।”

“मैडम, इतने साल में लोग मेरा तबादला करवाने तो बहुत आए। बचाने कोई नहीं आया।”

हे बोलताना त्यांच्या मिशा थरथरल्या. मग ते असे खदखदून हसले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. आगाशेही हसायला लागले. साहेबांनी कचोऱ्या मागवल्या आणि स्वतःच्या हाताने आगाशेंच्या ताटलीत वाढल्या. सह्या झाल्या तेव्हा कागदाला तेलाचे डाग पडले होते. तो तसाच फाईलला लागला.

छप्पर झालं. खुर्च्या आल्या. लेडीज टॉयलेटला कडी लागली, त्या दिवशी मोहिते मॅडमनी मला पेढे आणून दिले आणि बसून चहा घेतला. आगाशेंनी सोफे स्वतःच्या खर्चाने पुण्याहून मागवले. ते हॉलच्या जिन्यातून वर गॅलरीत जाईनात. जिना जुना, सोफा भला थोरला. शेवटी ते छोट्या हॉलच्या भिंतीला लावून ठेवले. मुली दमल्या की त्यावर लोळतात. आगाशे मॅच बघायला येतात ते मोडक्यांच्या जागी आलेल्या सरकारी खुर्चीवर बसतात.

मी यातून दोन गोष्टी शिकले. सहीआधी शब्दाचा अर्थ समोरच्याला विचारावा, आणि सोफा घेण्याआधी जिना मोजावा. पुण्याच्या पक्षकारांशी आता मी सरळ ‘तडजोड’ म्हणते.

आगाशे मात्र आता आमच्यातले झालेत. करार वाढवायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला मेसेज केला: “ताई, या वेळचा राजीनामा कधी करायचा? कचोरी माझ्याकडून.”

थोड्या वेळाने दुसरा मेसेज आला: “जरा माझ्या बायकोशी बोलता का? तिने वरचा मेसेज वाचला. ती रडते आहे.”