आबांच्या पाठीवरचा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एका माणसाला ते ठाऊक आहे, पण तिला सांगायची गरजच नव्हती.

भोंगवलीत आजही माझं नाव निघालं की लोक म्हणतात, बापाची सेवा करावी तर यानं केली तशी. मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो!

गोष्ट कफाची आहे. जेवत असाल तर आधी ताट संपवा — मी थांबतो.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर बिडी ओढली. सत्तरीत त्यांची छाती अशी घरघरायला लागली, की दारात कुणी टेम्पो चालू ठेवून गेलंय असं वाटावं. नसरापूरच्या डॉक्टरांनी समजावलं : कफ काही शत्रू नव्हे. धूळ-धूर अडकावा म्हणून श्वासनलिका स्वतःच तो चिकट थर तयार करते, आणि आतले बारीक केस तो सारखा घशाकडं ढकलत राहतात. तिथून आपण तो नकळत गिळतो. (हे ऐकल्यावर दोन दिवस मला आवंढा गिळवेना.) आबांच्या छातीतले हे केस बिडीनं निकामी केले होते. कफ साचला तर पुन्हा न्यूमोनिया — आणि या खेपेला निभावेलच असं नाही. म्हणून रोज दोन वेळा पोटाखाली उशा देऊन पालथं झोपवायचं आणि पाठ थापटायची. तळहाताची ओंजळ करून, पोकळ. सपाट हात नको, तो नुसता मार होतो, डॉक्टर म्हणाले.

पहिल्या दिवशी मी थापटलं. आबा खोकले, वाटीत पडलं — आणि मी? व्यालेल्या म्हशीची वार हातानं उचलणारा मी गोठ्यामागं जाऊन सकाळची भाकरी ओकून आलो. दुसऱ्या दिवशी तर नुसत्या वाटीकडं पाहूनच.

उरली माझी बायको, शालन. पण आमच्यात सून सासऱ्यापुढं डोईवरचा पदर ढळू देत नाही. तिनं पाठीला हात लावायचा? त्यापेक्षा आबांनी कफासकट मरण पत्करलं असतं. वाट शालननंच काढली. "तुमी नुसतं बोला," ती म्हणाली, "हात म्या चालवते."

बांगड्या वाजू नयेत म्हणून ती त्यांना रुमाल गुंडाळायची. आबांचं तोंड भिंतीकडं. मी मोठ्यानं म्हणायचो, "आबा, सुरू करतो हं!" — आणि उंबऱ्यात जाऊन बसायचो. मधूनमधून दमल्यासारखा सुस्काराही टाकायचो. कामात कसूर नको! वाटी उचलायची तीही शालननंच. आबा उठून बसेपर्यंत ती चुलीपाशी, मी त्यांच्या पाठीशी.

आबा सुधारले. मारुतीच्या पारापर्यंत चालू लागले. मग यात वाईट ते काय? — थांबा. सांगायचं ते अजून पुढंच आहे.

पुतणीचा साखरपुडा होता. मांडव भरलेला, वेल्ह्याकडचे पाहुणे, शालन चहाचा ट्रे घेऊन फिरतेय. आबा सगळ्यांदेखत म्हणाले, "माज्या लेकाच्या हातात लई गुण हाय. त्याच्यामुळं मी हितं बसलोय. सुनंचं काय — चा ठेवला की झाली सेवा!"

मांडव हसला. शालन ट्रे घेऊन नेमकी माझ्यासमोर उभी. एकच वाक्य बोलायचं होतं. कळलं असतं तर आबांनी थापटूनच घेतलं नसतं, हे कारण मी नंतर शोधलं. त्या क्षणी ते सुचलंही नव्हतं. त्या क्षणी मला बरं वाटत होतं. मी तिच्या ट्रेमधला कप उचलला — आणि मीही हसलो.

वेल्ह्याच्या एका पाहुण्यानं तिथंच आपला खोकणारा चुलता माझ्यापुढं पालथा घालायची तयारी केली. मी म्हणालो, खांदा दुखतोय.

त्या संध्याकाळीही शालननं बांगड्यांना रुमाल गुंडाळला.

आबा पुढं चार वर्षं जगले आणि तोच समज घेऊन गेले.

गेल्या हिवाळ्यात माझी छाती भरली. तेच डॉक्टर, त्याच उशा. मी भिंतीकडं तोंड करून पालथा पडलो. या वेळी रुमाल नव्हता, बांगड्या वाजल्या. पोकळ हात कसा मारावा, हे शालनइतकं या तालुक्यात कुणाला येत नसेल.

पहिला हात पडला तो सपाट. दुसराही.