उडवलेला पोर्ट

हॉस्पिटलचा व्हर्च्युअल संगणक, म्हणजे सर्व्हरच्या पोटात चालणारा, आम्ही नव्या सॉफ्टवेअरवर हलवत होतो. तिथे न चालणारे त्याचे व्हर्च्युअल भाग आधी काढावे लागतात. कंत्राटी इंजिनिअरने फ्लॉपी ड्राइव्हसोबत, गरज नसताना, सीरियल पोर्टही उडवला. रक्ततपासणीचं यंत्र त्याच पोर्टमधून रिपोर्ट पाठवायचं. ते मुकं झालं. लॅबमधल्या सुमनताई एकेक रिपोर्ट हाताने लिहू लागल्या, दाराशी पेशंट ताटकळले.

"विचारलंत कुणाला?" मी ओरडलो.

"जुनाट होता हो. कोण वापरतं आता?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जुनं दिसलं की उपटायचं, ही कसली माजोरी घाई! कुणाचं काय अडेल, एवढं विचारायचेही कष्ट नकोत.

मी त्याला लॅबमध्ये नेलं. सुमनताईंनी वर न बघताच पेन पुढे केलं. "बसा. मी वाचते, तुम्ही लिहा."

मी पोर्ट परत जोडेपर्यंत तो लिहीत होता.