सई झोपली की गिरणी थांबायची

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही... आजही नाही. मी वहीवाली बाई. गोळ्यांच्या वेळा, वाणसामान, सगळं लिहून ठेवते. त्यामुळे हे नुसत्या आठवणीवर सांगत नाहीये.

भडगावात आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. खाली नानांची पिठाची गिरणी. गेल्या वर्षी माझी दहा वर्षांची सई खो-खो खेळताना खांबावर आपटली. जळगावच्या डॉक्टरांनी स्कॅन पाहून सांगितलं — रक्तस्राव नाही, पण मेंदूला हादरा बसलाय. मोबाईल, टीव्ही, वाचन बंद. आवाज नको, दुपारी झोप हवीच.

आवाज नको... आणि गिरणीने आमची फरशी थरथरते! सई कानांवर उशी दाबून रडायची. डोकेदुखी वाढत चाललेली. घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी खाली गेले.

"नाना, एक ते तीन गिरणी बंद ठेवा."

"ताई, कसं जमी? बठ्ठा डबा पडेल शेतस," दळणाच्या डब्यांच्या रांगेकडे बोट दाखवत नाना म्हणाले. मी तणतणत वर आले.

तिसऱ्या दुपारी रडून दमून सईचा डोळा लागला — आणि गिरणी थांबली. वाटलं लाईट गेली, पण आमचा पंखा फिरत होता. खाली गिरणीचा पट्टा निसटलेला. सई जागी होईपर्यंत तो काही केल्या बसेना.

चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी नानांनी नवा पट्टा चढवला, तोही निसटला.

"नाना, तुमनी गिरणीले बी दुपारनी झोप लागस का?" खालून एक बाई ओरडली. सगळे हसले.

गिरणी थांबते म्हणून पोरगी झोपत असेल, असं मलाही वाटलं. म्हणून सहाव्या दिवशी घड्याळ घेऊन तिच्याजवळ बसले. आधी तिचे डोळे मिटले. मग गिरणी थांबली.

वही घेऊन खाली गेले. नानांनी चष्मा लावून सगळं वाचलं — झोप, उलटी, डोकेदुखी. मग माझ्याकडे पाहिलं.

"पोरना डोकाले मार लागेल शे, हाई पहिले काबर नही सांगं?"

खरंच, का नाही सांगितलं? मी फक्त वेळ सांगितली होती.

"आते मीच बंद ठेवसू. झोपू द्या तिले."

दुसऱ्या दिवसापासून एक वाजला की ते स्वतः बटण बंद करायचे. तीन आठवड्यांनी सई शाळेत गेली. पट्टा त्यानंतर एकदाही निसटला नाही.

गिरणीचा फिटर म्हणतो, पट्टे निसटतातच. निसटत असतील. पण जे मी तोंडाने सांगायला हवं होतं, ते चार दिवस नानांना दुसरंच कुणीतरी सांगत होतं, असं वाटत राहतं... कोण, ते मला ठाऊक नाही.