आधी वस्ती, शेवटी आपण

मृणाल गेल्याचं मला कुणी फोन करून सांगितलं नाही, ते मी वाचलं. बंगळूरला मुलीकडे होते. तिच्या बाळंतपणाला महिना उलटून गेला होता, नातीला मांडीवर घेऊन सकाळच्या उन्हात बसले होते आणि सहज फोन उघडला. आमच्या कामाचा एक ग्रुप आहे. एरवी त्यावर तपासणीच्या वेळा आणि कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाचा केक, एवढंच येत असतं. त्या दिवशी रेखा वानखेडेची एक ओळ होती... ‘आपल्या ताई पहाटे गेल्या.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागलेली. मला आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं, रेखाला माझ्याआधी कळलंच कसं? आणि ‘आपल्या’ म्हणणारी ही कोण?

फोन लावला तर रेखा शांतपणे बोलली. स्वादुपिंडाचा कर्करोग होता, कळलं तेव्हाच बराच पसरलेला होता, शेवटी रेखा आणि वाघोलीच्या महिला मंडळातल्या बाया आळीपाळीने तिच्याजवळ राहत होत्या. मंडळाला माहीत होतं, दवाखान्यातल्या सिस्टरना माहीत होतं, रुग्णालयात माहीत होतं. मला नव्हतं. आणि मी तर एक दिवसाआड तिच्याशी फोनवर बोलत होते! नातीची झोप, नातीची उचकी, बंगळूरचं सांबार, सगळं मी तिला सांगत होते आणि ती ऐकत होती. आवाज बसलाय का गं, असं एकदा विचारलं, तर म्हणाली, ‘हवा बदललीय. तू ये, मग बोलू.’ मला वाटलं पुण्याची हवा.

आम्ही दोघी खडकीच्या. दोघींचे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, क्वार्टर्स समोरासमोर. शाळेत एका बाकावर, कॉलेजला जाताना एका लोकलमध्ये, आणि तिच्या डब्यातलं मी नि माझ्या डब्यातलं ती खाणार हे ठरलेलं. पुढे ती डॉक्टर झाली, रोगप्रतिबंधक शास्त्र शिकवू लागली. मी एका ट्रस्टच्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका झाले. तिने लग्न केलं नाही, मी केलं. त्यावरून ती मला आयुष्यभर चिडवत राहिली. बोलणं मोजकं आणि झोंबणारं. एकदा कुठल्याशा बैठकीत एक मोठे साहेब म्हणाले, या लोकांना आरोग्याची जाणीवच नाही. मृणालने विचारलं, तुमच्याकडे नळाला पाणी किती वेळ असतं? दिवसभर, साहेब म्हणाले. ‘मग जाणीव ठेवणं सोपं आहे,’ असं म्हणून तिने बिस्किटांची बशी त्यांच्याकडे सरकवली.

वाघोलीचं काम तिच्याच डोक्यातून निघालं. नगर रस्त्याला इमारती उठत होत्या, आणि त्या उठवणारी विदर्भातली कुटुंबं मागच्या पत्र्याच्या वस्तीत राहत होती. इमारतीतल्या माणसाचं रक्त तपासायला मुलगा घरी येतो, आणि मागच्या वस्तीतल्या बाईला रक्तदाब आहे हे तिचं अर्धं अंग लुळं पडल्यावर कळतं, हे मृणालला सहन होत नसे. नुसती औषधं वाटून हे बदलणार नाही, निर्णयात वस्ती हवी, असं ती म्हणायची. म्हणून तिने चौघांची मोट बांधली. वस्तीतलं महिला मंडळ, सरकारी दवाखाना, आमच्या ट्रस्टचं रुग्णालय, आणि या सगळ्यांना धरून ठेवणाऱ्या आम्ही दोघी. लोक आम्हाला चौकडी म्हणायचे. त्या चौकडीत रेखा मंडळाची प्रमुख म्हणून आली. वाघोलीच्या कॉलेजातल्या मुलांसाठी खानावळ चालवणारी, आमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, कुणाचं ऐकून न घेणारी बाई. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही, आणि मृणालला पहिल्या दिवसापासून आवडली.

त्याला कारणही झालं. आमचं पहिलं शिबिर साखरेच्या तपासणीचं होतं. उपाशीपोटी या, असं सगळ्या बायांना बजावलेलं. आदल्या दिवशी यंत्राचा घोळ झाला आणि वेळ सकाळची दुपारवर गेली. सिस्टरना कळवलं, रुग्णालयाला कळवलं, मंडपवाल्याला कळवलं, समोसे उशिरा आणायचे म्हणून समोसेवाल्यालाही कळवलं. बायांना कुणी कळवलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल. आम्ही चहा पीत, आपला समन्वय किती छान झाला असं बोलत आत शिरलो, तर बाया सकाळपासून उपाशी बसलेल्या, एक पोटुशी पोरगी चक्कर येऊन आडवी झालेली. रेखा उठून उभी राहिली. ‘समोसेवाल्याला माहीत, अन् उपाशी बसलेल्यांना नाही. वा,’ एवढंच म्हणाली आणि घरून भाकऱ्या आणायला निघून गेली.

त्या दिवसापासून मृणालने नियम घातला. बातमी कुठलीही असो, बरी किंवा वाईट, ती आधी वस्तीला कळेल. मग दवाखान्याला, मग रुग्णालयाला, आणि सगळ्यांत शेवटी आपल्याला. नेहमी वरून खाली झिरपत येतं, आपण ते उलटं करू, ती म्हणाली. मी मान डोलावली, कारण बोलायला ते छानच होतं. पण मृणालच्या हाती एखादा नियम पडला की तो नियम राहत नसे, सोवळं होऊन जाई. आमच्या रुग्णालयाने दर आठवड्याला स्त्रीरोगतज्ज्ञ वाघोलीला पाठवायचं कबूल केलं, तेव्हा ते माझ्या खटपटीने झालं होतं, आणि ते मृणालला सांगायला मी आतुर झाले होते. स्वारगेटहून वाघोलीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी, खिडकीशी बसली होती. मी तोंड उघडलं तर तिने हात वर केला. ‘कामाचं आहे ना? मग आधी रेखाला.’ अख्खा प्रवास मी ती बातमी गिळून बसले. वाघोलीत उतरून रेखाला सांगितलं, आणि मृणालने ती रेखाच्या तोंडून ऐकली... टाळ्या वाजवून. टाळ्या रेखाच्या खांद्याशी उभं राहून वाजवल्या.

मत्सर हा शब्द मी तेव्हा वापरला नसता. मी म्हणायचे, मृणाल हल्ली भेटत नाही. माझ्या आमटीत मिरची जास्त झाली म्हणून कुरकुरणारी ही बाई रेखाच्या खानावळीत ठेचा खाऊन डोळे पुसत हसायची. रेखाने काही म्हटलं की हिला हसू यायचं, तेच मी म्हटलं की ‘अनू, तू शाळेतही असंच म्हणायचीस.’ सुटीच्या दिवशी फोन केला तर मागे भांड्यांचा आवाज. मी विचारलं, कुठे आहेस? तर वाघोलीत, आणखी कुठे? दिवाळीला माझ्या घरचा फराळाचा डबा घेऊन तिच्याकडे गेले, तर ओट्यावर रेखाचे अनारसे आधीच पोचलेले. ‘खाऊन बघ, तुला असे जमत नाहीत,’ मृणाल म्हणाली. मी खाल्ले. खरंच चांगले होते, त्याचाच जास्त राग आला.

पुण्यात परतले ती शोकसभेच्याच दिवशी. सभा मंडळाच्या सभागृहात होती. मृणालच्या फोटोपाशी पहिल्या रांगेत रेखा बसली होती, आणि येणारा प्रत्येक माणूस तिच्यापाशी थांबून, तिचा हात हातात घेऊन पुढे जात होता. आमच्या रुग्णालयाचे विश्वस्तसुद्धा. मी मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. शेजारी एक तरुण डॉक्टर होता, नवीनच आलेला. त्याने अदबीने विचारलं, ‘आपण ताईंच्या कोण?’ चाळीसच्या वर वर्षांचं उत्तर एका वाक्यात काय देणार! शेजारी, मी म्हणाले. खडकीची.

चार दिवस तसेच गेले. मला झोप लागेना. मृणाल नाही याचं दुःख होतंच, पण त्याच्याही वर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती... तिने मरणाची बातमी वस्तीभर सांगितली आणि मला सांगितली नाही. म्हणजे मी तिची कोण होते? हे विचारायला ती राहिली नव्हती. ज्या एका माणसाला विचारता आलं असतं, त्या माणसाचं तोंड पाहायची माझी इच्छा नव्हती. शेवटी एका दुपारी वाघोलीला गेलेच. मुलांची जेवणं आटोपली होती, रेखा एकटी टेबलं पुसत होती. मला पाहून तिला आश्चर्य वाटलं नाही. मी बसलेही नाही. उभ्याउभ्याच विचारलं, मला का कळवलं नाहीत?

रेखाने फडकं खाली ठेवलं. ती म्हणाली, मी कळवणारच होते, फोन हातात घेतला होता. ताईंनी काढून घेतला. कामाचे दिवस बदलणार, दुसरं कुणीतरी तपासायला येणार, म्हणजे ही बातमी आधी बायांची, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आधी मंडळ, मग दवाखाना, मग रुग्णालय. ‘अन् अनूला शेवटी. ती बंगळूरहून आली की मी तिच्यापाशी बसून सांगणार, तोवर तिला कुणी काही बोलायचं नाही, असं म्हणाल्या. त्यांना वाटलं होतं, तेवढा वेळ आहे.’

‘म्हणजे मी शेवटची,’ मी म्हणाले.

‘हो. शेवटच्या.’ आणि मग तिचा आवाज एकदम चढला. ‘पाहुण्यांना आधी वाढतात, अनुराधाताई. घरच्या बाया शेवटी बसतात. इतकी वर्षं तुम्ही दोघी आम्हाला आधी वाढत आलात. मला वाटायचं, कधी तरी ताई म्हणतील, रेखा, तू थांब, आपण मागून बसू... नाही म्हणाल्या. दुखणं सांगितलं तेही सगळ्या बायांबरोबर सभेत बसवून. मी जवळ राहून त्यांचं सगळं केलं, तरी मी मंडळच. तुम्ही घरच्या.’

मी समोरची खुर्ची ओढून बसले. या बाईचा मी इतकी वर्षं मत्सर केला, आणि ही माझा करत होती! कबूल करते, पहिल्यांदा मला बरं वाटलं. अगदी पोटातून बरं वाटलं, जिंकल्यासारखं. मग दुसरं जाणवलं. मृणालने सगळ्या पंगती उठवल्या होत्या, सगळ्यांना सांगून झालं होतं, आता फक्त आम्ही दोघी उरलो होतो. आणि नेमकी तिथेच ती गेली. इतकी हुशार डॉक्टर, इतरांच्या मुदती अचूक सांगणारी, स्वतःची तिला सांगता आली नाही. मी तिथेच, त्या ओल्या टेबलावर डोकं टेकून पहिल्यांदा रडले. रेखाने मला पाणी दिलं. जवळ बसली नाही, भांड्यांकडे गेली.

मृणालला हे कळलं असतं का, असा विचार मी आता करते. वस्ती आणि आपण, यांतलं अंतर मोडायला तिने जो नियम केला, त्यात वस्ती कायम पाहुणी राहिली. चौकडीत चौघे सारखे, असं आम्ही भाषणांत सांगायचो, पण ‘आपण’ म्हणताना आमच्या दोघींच्या मनात दोघीच असायच्या. मला त्याची लाज वाटायला हवी. वाटतेही. पण त्या दोघींतली एक मी होते याचा आनंद काही केल्या जात नाही, तोही लिहून ठेवते.

काम थांबलेलं नाही. परवा आमच्या रुग्णालयाने वाघोलीत मृणालच्या जागी तपासायला कोण येणार ते ठरवलं. तोच शोकसभेतला तरुण डॉक्टर. बातमी हातात येताच सवयीने मी रेखाला फोन लावला. मी बोलायच्या आत तिने विचारलं, ‘कामाचं आहे?’ हो, म्हटलं. ‘मग मंडळातल्या बाकीच्यांना सांगा. सिस्टरना सांगा. मला शेवटी. मी थांबते.’

मी एकेकीला फोन केले, दवाखान्यात गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खानावळीत पोचले. मुलं जेवून गेली होती. रेखाने दोन ताटं घेतली, एक माझ्यासमोर ठेवलं, एक स्वतःसमोर, आणि म्हणाली, आता सांगा. मी सांगितलं. मंडळातल्या कुणीतरी तिला ते आदल्या दिवशीच सांगितलं असणार, तरी ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकत होती. पोरगा चांगला आहे का, हात हलका आहे का, एवढं विचारलं. भात वाढला. मग, मी न विचारता, तिने मृणालच्या दुखण्याचं पहिल्यापासून सांगायला घेतलं... कुठल्या दिवशी पाठ दुखायला लागली, तपासणीचा निकाल वाचून ती काय म्हणाली, जेवण कधी सुटलं, माझा फोन आला की उशी पाठीशी लावून कशी ताठ बसायची. आम्ही जेवत होतो आणि ती सांगत होती. काही गोष्टी तिने स्वतःपाशी ठेवल्या असतील. ठेवू दे. मीही ठेवल्या आहेत.