गयाबाईचा फेटा

नातवाच्या लग्नात पाहुण्यांना फेटे बांधत होते. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास नाकात गेला आणि माझं डोकंच फिरलं.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. प्लेग आला म्हणून सगळं गाव शिवारात खोपटी घालून राहिलं होतं. भीतीनं कुणी कुणाच्या दारी रडायलाही जात नव्हतं. माझी थोरली जाऊ गयाबाई मात्र रोज पहाटे जात्यावर बसायची आणि ज्या घरचं माणूस गेलं, त्याच्या नावाची ओवी गायची. समोर बसून मी खुंटा ओढायचे. ज्वारीचं पीठ ऊन ऊन पडत राहायचं आणि आजूबाजूच्या खोपटांतून हुंदके ऐकू यायचे. तिच्या त्या आवाजावर गाव तगलं.

साथ सरली. गावानं उपकार फेडायचे ठरवले. कुंभार पिंपळगावच्या बाजारातून फेटा आणला आणि पारावर बांधला कुणाला? तिच्या नवऱ्याला! पहिला उंदीर पडल्याबरोबर राजूरला बहिणीकडं पळालेल्या माणसाला! म्हणे, "बाईला पारावर कसं बोलवायचं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे जातं नुसतंच घरघरत होतं. पाटलीण दारात आली. "गया, आज गाणं न्हाई का?"

"फेटा ज्याच्या डोक्यावर हाये, त्यालाच सांगा गायला."

मी घाबरून कुजबुजले, "जाऊबाई, गप बसा की!"

ती गप बसली. मरेपर्यंत पुन्हा गायली नाही. गावाला मी अजून शिव्या घालते, पण तिला गप बस म्हणणारी मीच होते.