ढिली राहिलेली गटिंग

चंद्रपुरातल्या एकाही बॅडमिंटन क्लबाच्या आत गटिंगवाले चाचा मी बारावीला जाईपर्यंत कधी गेले नव्हते. रॅकेटी गेटवर घ्यायच्या आणि गेटवरच परत द्यायच्या. तरीही कुठला क्लब कसा आहे हे विचारायचं तर चाचांनाच, असं आम्हा खेळणाऱ्या मुलींचं ठाम मत होतं. सायकलच्या हँडलला आठ-दहा रॅकेटी अडकवून ते शहरभर फिरायचे आणि घरी दारापुढे बसून त्यांत नवी दोरी भरायचे. त्या दोरीला गट म्हणतात आणि भरण्याला गटिंग. तुटलेली गट बोटांत धरून बघितली की कुठल्या क्लबातली रॅकेट, हे ते चिठ्ठी न वाचता सांगायचे.

साहेब लोकांच्या क्लबातल्या रॅकेटींची चौकटच वाकलेली असायची. हरल्यावर साहेब ती जमिनीवर आपटतात आणि मग गट खराब होती म्हणतात, असं चाचा हसत सांगायचे. कोळसा खाणीच्या क्लबातली गट काळी पडलेली यायची, दोन बोटांत ओढली तर बोटंही काळी. मैदानावर उघड्यात खेळणाऱ्यांची गट हिवाळ्यात दवानं फुगायची. आणि आमच्या वीज केंद्राच्या कॉलनीतली गट बरोबर मधोमध तुटायची. म्हणजे या लोकांना खेळता येतं, असं चाचा म्हणायचे. हे ऐकून मी उगाच ताठ व्हायचे. मधोमध गट तोडणाऱ्यांत माझा वाटा फार थोडा होता, हा भाग वेगळा.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. चाचांची मुलगी आणि मी बारावीला एका बाकावर बसायचो. ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगली खेळायची. त्यांच्या घरामागे सागवानाच्या डेपोची लांब भिंत होती. त्या भिंतीच्या आडोशाला चाचांनी चुन्याच्या रेघा मारून तिला कोर्ट आखून दिलं होतं. क्लबांतून टाकून दिलेली शटलं ते गोळा करून आणायचे, त्यांची पिसं दोऱ्यानं बांधायचे, आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून बुडाच्या बुचात एक बारीक खिळा ठोकायचे. आमच्याकडे उघड्यावर खेळणारे सगळेच असं करतात. खिळ्याचं शटल वजनानं जड, थोड्या जोरात दूर जातं. ती त्याच शटलवर शिकली. मूल या गावी एका राइस मिलच्या धान वाळवायच्या अंगणात सामने झाले, तिथे तिनं मोठ्या मुलींनाही हरवलं. तिथलं शटलही खिळ्याचंच होतं.

त्या वर्षी जिल्ह्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. पाच मुली घेणार होते. संघात निवड झाल्याचं प्रमाणपत्र असलं तर शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात जागा मिळणं सोपं होतं, असं आमच्या खेळाच्या बाईंनी सांगितलं होतं. तिला खेळाची बाईच व्हायचं होतं. माझं म्हणाल तर मला काय व्हायचंय हे ठरलं नव्हतं, पण ती जे ठरवेल तेच मीही ठरवत असे.

चाचणी बंद हॉलमध्ये होणार, नव्या शटलवर. चाचांना धास्ती होती ती याचीच. हात जड शटलला बसलाय, पंधरा दिवस तरी हॉलमध्ये खेळायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. कुठला हॉल, हे ठरवण्यासाठी त्यांनी मला गाठलं. माझे बाबा वीज केंद्रात ऑपरेटर, माझ्याकडे कुटुंबीयांचा पास, वर शाळेच्या नावावर मी कुठेही डोकवू शकत होते.

"आपल्याले गेटाच्या अंदर कोन येऊ देते, बेटा? तू जाऊन पाह्य. तिच्यासाठी कोनतं चांगलं हाय थे सांग," ते म्हणाले.

मी वही घेऊन निघाले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यावर महत्त्वाचं काम सोपवलं होतं, त्यामुळे माझा तोरा बघण्यासारखा असणार. साहेब लोकांच्या क्लबात लाकडी फळ्यांची जमीन, वर उंच छत, पण बाहेरच्यांना सक्त मनाई. खाणीच्या क्लबाचं छत इतकं खाली की उंच मारलेलं शटल तुळईवर अडकायचं, आणि बायकांना फक्त मंगळवारी. राहिला आमच्या कॉलनीचा हॉल. जमीन सिमेंटची, पण उजेड भरपूर, छत उंच, आणि सभासदाच्या चिठ्ठीवर पाहुणा आणता येत होता. मी चाचांना येऊन सांगितलं, आमचाच सगळ्यात चांगला आहे, मीच तिला नेते. चाचांनी त्या दिवशी माझ्या रॅकेटला नवी गट भरून दिली, आणि तिच्या रॅकेटलाही. दोन्ही एकाच रिळातली.

चिठ्ठीवर बाबांची सही लागत होती. ती मी मागितली नाही. का नाही मागितली याची कारणं मी तेव्हा स्वतःला भरपूर दिली. बाबांना नुकती बढती मिळालीय, क्लबाचे सेक्रेटरी त्यांचे वरचे साहेब, बाबा भिडस्त. खरं म्हणजे बाबांनी हसत सही केली असती. आमच्या घराण्यात पगारावर लागलेले ते पहिले. मूलमध्ये माझ्या आजोबांना लोकांच्या ओट्याखाली उभं राहावं लागायचं, हे सांगताना बाबांचा आवाज अजून बदलायचा. दारातून परत पाठवणं म्हणजे काय, हे माझ्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणून मला माझी जास्त लाज वाटते.

चौकीदार ओळखीचा, चिठ्ठीशिवाय चालेल, असं म्हणून मी तिला नेलं. संध्याकाळचे पाच वाजले असतील. ती कोर्टाच्या रेघेपाशी थांबून वर दिव्यांकडे बघत होती. जाळीला हात लावून बघितला. तेवढ्यात सेक्रेटरी आले. रागावले नव्हते, नुसतं विचारलं, ही कोण?

मी म्हणाले, "गटिंगवाल्यांची मुलगी आहे. रॅकेट द्यायला आलीये."

माझ्या तोंडून ते इतकं सहज आलं की मलाच नवल वाटलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मग हातातली तिची एकुलती एक रॅकेट माझ्यापुढे धरली. "हे घे. ताणून भरली हाय अब्बानं," एवढं म्हणाली आणि गेली. सेक्रेटरी समोरच उभे होते, म्हणून मी तिच्याच रॅकेटनं खेळले. चांगली होती रॅकेट. त्या दिवशी मी दोन गेम जिंकले.

दुसऱ्या दिवशी मी ती परत द्यायला गेले. चाचा दारातच बसले होते, त्यांनी तिला विचारलं, हॉल कसा हाय. ती म्हणाली, चांगला हाय अब्बा, उजेड लय हाय. मग पुढचे पंधरा दिवस ती रोज पाचला रॅकेट घेऊन घरातून निघायची, डेपोच्या भिंतीच्या पलीकडच्या टोकाला जायची आणि एकटीच भिंतीवर शटल मारत बसायची. खिळ्याचंच. शाळेत ती माझ्याशी बोलायची, डबाही वाटून खायची, फक्त खेळाचं काही काढायची नाही. मी मात्र पंधरा दिवस हॉलमध्ये खेळले. तिला सांगून टाकायचं, बाबांची सही घ्यायची, हे रोज ठरवायचे. एखादा दिवस तसाच जाऊ दिला की दुसरा आपोआप जातो.

भीती फक्त सेक्रेटरींची होती का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. पाच मुली घेणार होते. चार कोण असतील हे सगळ्यांना माहीत होतं. पाचवी तिच्यात आणि माझ्यात होती. हा हिशोब मी तेव्हा केला नव्हता, असं मला म्हणता येत नाही.

चाचणी साहेब लोकांच्या क्लबात झाली. त्या दिवशी पालकांना आत सोडत होते. चाचा इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून आले, कुणी सांगितलं नव्हतं तरी चपला दाराबाहेर काढल्या आणि फळ्यांवर जपून पावलं टाकत भिंतीशी जाऊन उभे राहिले. खेळ सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या शटललाच मला कळलं. ती मागच्या रेघेवर टाकायला मारायची आणि शटल कोर्टाच्या मधेच पडायचं. जोर लावला तर नेम जायचा. समोरच्या मुलीला फक्त पुढे येऊन मारायचं काम उरलं. चाचांच्या मुलीनं एकदाही रॅकेटकडे बघितलं नाही, एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. दोन गेममध्ये संपलं. तासाभरानं पाच नावं वाचली, शेवटचं माझं होतं.

बाहेर झाडाखाली चाचा तिची रॅकेट मांडीवर घेऊन बसले होते. अंगठ्यानं गट दाबून बघत होते, एकेक दोरी. मला बघून कौतुकानं हसले, डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "पंधरा दिवस तुमच्या हॉलमधी खेळून बी तिले अंदाज नाई आला. माह्यीच गटिंग ढिली राह्यली असन, बेटा."

मी म्हणाले, "असेल, चाचा."

त्यांनी खिशातला चाकू काढला आणि तिथेच ती सगळी गट कापून टाकली.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिला गाठलं आणि सांगितलं, आज घरी येते आणि चाचांना सगळं खरं सांगते. ती सायकलचं कुलूप काढत होती. किल्ली फिरवत ती म्हणाली,

"आता काऊन सांगतं? अब्बाले वाटते की मी हॉलमधी खेळली, पंधरा दिवस. तेवढं तरी राहू दे."

संघ नागपूरला जाणार होता. जायच्या आधी बाबांनी मला रॅकेट घेऊन चाचांकडे पाठवलं. शहरात दुसरं कुणी गटिंग करणारं नव्हतं. चाचांनी आधीची चांगली गट काढून नवी भरली, पुन्हा सोडवली, पुन्हा भरली. ती आत चूल पेटवत होती. त्यांनी रॅकेट माझ्या हातात दिली, परत घेतली, अंगठ्यानं दाबली आणि विचारलं, ढिली तर नाई ना?

पुढे मी एटापल्लीच्या शाळेत खेळाची बाई झाले. सुटीत चंद्रपूरला आले की रॅकेट घेऊन चाचांकडे जायचे, आणि डोळे अधू झाले तरी ते दर वेळी हेच विचारायचे. मी दर वेळी नाही म्हणायचे.