जळालेल्या पावतीची जाहिरात
तागाच्या पोत्याचा वास आला, की आजही माझं डोकं फिरतं. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, तेव्हाची गोष्ट. चांगला भाव येईपर्यंत आमची ज्वारी जालन्याच्या एका वखारीत ठेवली होती. घरात धान्य नाही, म्हणून आईनं लक्ष्मीपूजनाला वखारीची पावतीच पाटावर मांडली, तिला हळदीकुंकू वाहिलं आणि शेजारची पणती कलंडून तिची राख झाली. पावतीशिवाय वखारीतून माल सुटत नव्हता. दुसरी पावती मागायला गेलो, तर वखारीचा कारकून म्हणाला, "मिळंल की! जामीन आणा, अन् 'पावती हरवली, सापडल्यास आणून द्यावी' अशी पेपरात जाहिरात द्या. कोणी दावा केला न्हाई, मंग बघू." आई भडकली, "अहो, हरवली न्हाई, माझ्या डोळ्यांदेखत जळाली! राख कोणाला सापडंल?" तो म्हणाला, "कायद्यात 'हरवली' असंच लिव्हलंय." त्याच्या पाठीमागेच आमची पोती दिसत होती, तोंडाला आईच्या हातचे टाके असलेली. शेवटी जाहिरात दिली. मुदत संपेपर्यंत उन्हाळा लागला. ज्वारीवर दावा सांगायला एकही माणूस आला नाही. आईनं टाके उसवले, तर आतून भसाभसा सोंडकिडे बाहेर पडले. मी अजून विचारतो, त्यांच्याकडे कोणी पावती मागितली होती?